मॉडिफाय केलेली गाडी डायनोवर चढवताना: खरा हॉर्सपॉवर कसा काढायचा

मॅप (ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर) टाकला, इनटेक (इंजिनला हवा देणारा फिल्टर आणि पाईप) बदलला, की पहिला प्रश्न डोक्यात येतो तो म्हणजे आता गाडी किती पॉवर काढते, आणि मग आपण डायनोवाल्याकडे, म्हणजे गाडी जागेवर पळवून पॉवर मोजणाऱ्या मशीनवाल्याकडे जातो, तो दोन रन (फुल थ्रॉटलच्या फेऱ्या) मारतो, रंगीत ग्राफचा कागद हातात देतो आणि आपण तो कागद ग्रुपवर टाकून मोकळे होतो. मी पण हेच केलं होतं. माझी ऑक्टेव्हिया व्हीआरएस २३० आहे, २ लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल), ६ स्पीड डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), फ्रंट व्हील ड्राईव्ह, कंपनीचा आकडा २३० पीएस पॉवर आणि ३५० एनएम टॉर्क. स्टेज १ (पहिल्या पातळीचा) मॅप आणि इनटेक टाकल्यावर पुण्यातच एका ठिकाणी डायनो केला आणि कागदावर आला ३०७. फार आनंद झाला, पण महिनाभराने तोच कागद नीट वाचायला बसलो तेव्हा कळलं की चाकावर मशीनने मोजलेला आकडा होता २३६, बाकी सगळा हिशोब होता.

तो हिशोब इथे मांडतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. मोजले २३६ बीएचपी (बीएचपी आणि पीएस ही पॉवरचीच थोडी वेगळी मापं). त्याला हवामानाचं करेक्शन म्हणून १.०९ ने गुणलं, झाले २५७. मग गिअरबॉक्स आणि टायरमध्ये १५ टक्के पॉवर जाते असं धरून ०.८५ ने भागलं, झाले ३०२ आणि वर थोडे. मग बीएचपीचे पीएस केले, म्हणजे १.०१४ ने गुणलं, झाले ३०७. यातली एकही पायरी लपवलेली नव्हती, सगळं कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, मीच वाचलं नव्हतं.

आमच्याकडे ऊस कारखान्यावर जातो तेव्हा ट्रॉली भरलेली एकदा काट्यावर जाते आणि रिकामी करून परत त्याच काट्यावर जाते, मग दोन्हीतला फरक तो आपला ऊस. भरलेली एका काट्यावर आणि रिकामी दुसऱ्या काट्यावर कोणी करत नाही, केलं तर भांडणं होतील. डायनो पण काटाच आहे. मॉडिफिकेशनने काय दिलं हे कळायचं असेल तर आधीचं आणि नंतरचं, दोन्ही एकाच डायनोवर, एकाच दिवशी, एकाच पेट्रोलवर मोजायचं, आणि हे जमवायला लागणारी मेहनत बाकी सगळ्यापेक्षा जास्त महत्त्वाची आहे.

मॅप ओबीडीतून (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधून) टाकता येत असेल तर हे फार सोपं आहे. गाडी पट्ट्यांनी बांधलेलीच ठेवायची, आधी स्टॉक (कंपनीची मूळ) फाईल टाकून ३ रन, मग स्टेज १ ची फाईल टाकून ३ रन, आणि शेवटी परत स्टॉक टाकून १ रन. हा शेवटचा रन लोक टाळतात, वेळ जातो म्हणून, पण तो पहिल्या स्टॉक रनशी जुळला तरच मधला फरक मॅपचा आहे असं म्हणता येतं, नाहीतर दुपारच्या उन्हाचा किंवा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) तापल्याचा पण असू शकतो. एक मात्र ध्यानात ठेवा, असं केल्यावर फक्त मॅपचा फरक कळतो, इनटेक दोन्ही वेळेला बसलेलाच असतो. इनटेकचा हिशोब हवा असेल तर तो बसवायच्या आधी एकदा मोजून घ्या.

आता करेक्शनचं सांगतो. हवा पातळ किंवा गरम असली की इंजिनला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे आकडे एका पातळीवर आणायला एसएई जे१३४९ सारखं स्टँडर्ड वापरतात, त्यात २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा धरलेली असते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यात उन्हाळ्यात डायनोच्या खोलीत ३५ अंश, म्हणजे फॉर्म्युल्यातून ९ टक्क्यांच्या आसपास करेक्शन येतं. तीच गाडी मुंबईला नेली तर करेक्शन ३ टक्क्यांच्या आसपासच. साध्या विनाटर्बो इंजिनला हे बरोबर आहे. पण आपलं इंजिन टर्बोचं आहे, ईसीयू ठरलेलं प्रेशर गाठायला टर्बोला जरा जास्त फिरवतो आणि पातळ हवेची बरीचशी भरपाई स्वतःच करून घेतो. म्हणजे जी पॉवर गेलीच नाही ती पण आपण करेक्शनने परत जोडतोय.

हे नुसतं पुस्तकी नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा स्टॉक फाईलवर चाकावर मिळाले १९२. त्याच पद्धतीने १.०९ ने गुणलं आणि ०.८५ ने भागलं तर २४६ बीएचपी येतात. कंपनी म्हणते २३० पीएस, म्हणजे २२७ बीएचपी. मग स्टॉक गाडीत १९ बीएचपी कुठून आले? आणि तेच करेक्शन न लावता १९२ ला नुसतं ०.८५ ने भागलं तर २२६, कंपनीच्या आकड्याला चिकटून. म्हणून माझं सरळ सांगणं आहे, टर्बो गाडीला अनकरेक्टेड ग्राफ मागा आणि करेक्शनवाला पण मागा, दोन्ही जवळ ठेवा, आणि कोणाला सांगताना चाकावरचा अनकरेक्टेड आकडा सांगा. माझ्या मॅपने दिलं ते १९२ चे २३६, म्हणजे चाकावर ४४. हे ४४ मात्र चाकावर मोजलेले आहेत, फक्त दोन्ही आकडे वेगवेगळ्या दिवसांचे आहेत एवढं ध्यानात ठेवा.

१५ टक्के लॉसचं पण असंच आहे. गिअर आणि बेअरिंगमध्ये जाणारी पॉवर काही इंजिनची पॉवर वाढली की त्याच प्रमाणात वाढत नाही, थोडी वाढते, पण टक्केवारी तीच धरली की जितकी जास्त पॉवर तितका जास्त फुगवटा. काही डायनोवर रन झाल्यावर क्लच दाबून रोलर आपोआप थांबू देतात आणि त्यातून लॉस मोजतात, ती पद्धत अंदाजापेक्षा चांगली आहे, पण त्यात पण टायर किती घट्ट दाबलाय यावर आकडा हलतो.

मशीन कुठलं आहे ते आधी विचारा. डायनोजेटसारख्या इनर्शिया डायनोत जड रोलर असतो, त्याचं वजन माहीत असतं, तो किती जोरात वेग घेतो यावरून पॉवर काढतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे मस्टँगसारख्या, एडी करंट ब्रेक (विजेच्या चुंबकाने चालणारा) असतो, तो रोलरला लोड देतो आणि एकाच आरपीएमवर धरून पण ठेवू शकतो, ट्यूनिंगला हा बरा. तिसरा डायनापॅकसारखा हब डायनो, चाकं काढून सरळ हबला (चाक ज्यावर बसतं त्याला) जोडतात, टायरचा प्रश्नच मिटतो. तिन्हीवर तीच गाडी वेगळा आकडा दाखवणार, त्यात कोणी फसवत नसतं, म्हणून मित्राच्या गाडीचा दुसऱ्या डायनोवरचा कागद आणि आपला कागद शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही.

जायच्या आधीची तयारी. पेट्रोल एकच ठेवा, मॅप ज्या ऑक्टेनसाठी लिहिलाय तेच, आणि टाकी जवळपास रिकामी झाल्यावर भरा, नाहीतर जुनं कमी ऑक्टेनचं आणि नवीन जास्त ऑक्टेनचं मिसळून काहीतरी मधलंच तयार होतं. प्लग जुने असतील तर बदला, बूस्ट (टर्बोचं प्रेशर) वाढला की जुना प्लग वरच्या आरपीएमला मिसफायर देतो. हवा दोन्ही पुढच्या टायरला सारखी आणि प्रत्येक वेळेला तेवढीच. टायरच्या खाचांमधले खडे काढा, हे फार महत्त्वाचं आहे, रोलरवर २०० च्या स्पीडला खडा सुटला तर तो गोळीसारखा जातो, म्हणून रन चालू असताना गाडीच्या समोर किंवा मागे कोणालाही उभं राहू देऊ नका, मित्र व्हिडिओ काढत असेल तर त्याला बाजूला घ्या. खोलीत धूर बाहेर ओढणारी व्यवस्था नसेल तर तिथे गाडी लावूच नका.

पट्टे बांधताना बघत उभे राहा. गाडी सरळ पाहिजे, दोन्ही बाजूला ताण सारखा. फार खेचून बांधली तर टायर रोलरवर जास्त दाबला जातो आणि पॉवर खातो, सैल बांधली तर टायर घसरतो, आणि मॅपनंतर फ्रंट व्हील ड्राईव्ह गाडीत घसरणं सहज होतं. टायर घसरला की ग्राफवर टॉर्कची रेष करवतीच्या दातांसारखी होते, तो रन फेकून द्यायचा. हँडब्रेक मागच्या चाकांना, ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएससी (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणा) बंद. पुढची चाकं फिरतायत आणि मागची थांबलेली हे बघून गाडीचा कॉम्प्युटर गोंधळतो आणि पॉवर कापतो, म्हणून डायनो मोड असेल तर तो चालू करून घ्या.

गिअर कुठला? इंजिन आणि गिअरबॉक्सचा रेशो १:१ च्या जवळ येतो तो, आपल्याकडे चौथा. आणि प्रत्येक रन त्याच गिअरमध्ये. डीएसजीवाल्यांनी हे नीट वाचा: मॅन्युअल मोडमध्ये असलात तरी अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला दाबला की शेवटी एक टक् असा खटका लागतो, तो किकडाऊनचा, तो दाबला गेला की गाडी रनच्या मध्येच खालच्या गिअरवर जाते आणि सगळा ग्राफ वाया. खटक्याच्या अगदी अलीकडे पाय थांबवायचा, थ्रॉटल तिथेच पूर्ण उघडलेला असतो. माझे पहिले दोन रन यातच गेले. डायनोवाल्याला गाडी चालवू देणार असाल तर त्याला आधी सांगा.

रन मारायच्या आधी चौथ्या गिअरमध्ये ३००० आरपीएम धरून डायनोला आरपीएम शिकवतात, त्यावेळी ओबीडीचा आकडा आणि स्क्रीनचा आकडा जुळतोय का बघा, कारण हे चुकलं तर टॉर्कचा आकडा पूर्ण चुकतो. इंजिन ऑईल ८० ते ९० अंशाला आलेलं पाहिजे, डीएसजीचं ऑईल पण गरम पाहिजे, थंड ऑईलवरचा पहिला रन कायम कमी येतो. मग १८००-२००० ला सुरू करून ६५०० पर्यंत एका दमात. समोर मोठा पंखा, आणि मोठा म्हणजे खरंच मोठा, इंटरकूलरच्या उंचीवर. रस्त्यावर १५० च्या स्पीडला जी हवा लागते ती घरच्या पंख्याने येत नाही. प्रत्येक रननंतर बोनेट उघडं ठेवून ३-४ मिनिटं थांबा आणि ओबीडीवर इनटेकचं तापमान पहिल्या रनच्या आधी होतं तेवढं खाली आल्यावरच पुढचा रन. तापमान चढत गेलं की ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो आणि तुम्हाला वाटतं मॅपच खराब आहे.

ग्राफ वाचताना पॉवरच्या टोकाकडे बघून थांबू नका. एक सोपी पडताळणी आहे, एनएम गुणिले आरपीएम भागिले ७०२४ म्हणजे पीएस. कंपनीचेच आकडे घाला: ३५० गुणिले ४६०० भागिले ७०२४, येतात २२९, म्हणजे जुळलं. तुमच्या कागदावरच्या कुठल्याही एका बिंदूला हे करून बघा, जुळत नसेल तर दोन रेषा वेगवेगळ्या युनिटमध्ये आहेत का ते बघा. स्मूदिंग (रेष गुळगुळीत करणं) किती लावलंय ते पण विचारा, जास्त लावलं की रेष सुंदर दिसते आणि मिसफायर, घसरणं सगळं झाकलं जातं.

आणि पॉवरपेक्षा मी तरी आधी बघतो तो लॅम्ब्डा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) आणि नॉक (मिश्रण अवेळी पेटणं). फुल लोडला टर्बो पेट्रोल इंजिनचा लॅम्ब्डा ०.८० ते ०.८८ च्या दरम्यान असला की बरं वाटतं, वरच्या आरपीएमला तो १ कडे सरकत असेल तर पेट्रोल पुरत नाहीये, तिथेच पाय काढायचा, आकडा कितीही छान येत असला तरी. रन चालू असताना चारही सिलिंडरचं टायमिंग किती मागे जातंय ते लॉग करून घ्या. एखाद्या सिलिंडरला थोडं इकडे तिकडे होतं, पण चारही सिलिंडरला ३-४ अंश मागे जात असेल तर पेट्रोल खराब आहे किंवा मॅप जास्त आक्रमक आहे. माझ्या गाडीत चौथ्या रनला असं दिसलं, थांबलो, १० मिनिटं थंड होऊ दिली, पुढच्या रनला टायमिंग मागे जाणं थांबलं. उष्णतेचंच होतं.

कागदपत्रांचं पण बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीने मूळ दिलेल्या माहितीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्स कंपनी बदलांबद्दल विचारू शकते. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून १०-१२ बीएचपी मिळवायच्या मागे तर लागूच नका, मागून येणाऱ्या बाईकवाल्याच्या नाकात जातं ते सगळं.

निघताना नुसता कागद घेऊ नका, रनच्या मूळ फाईल पेन ड्राईव्हवर मागून घ्या, म्हणजे नंतर करेक्शन आणि स्मूदिंग काढून बघता येतं. कागदाच्या मागे पेनाने लिहून ठेवा: तारीख, खोलीचं तापमान, पेट्रोल, टायरची हवा, गिअर, कुठली फाईल. पुढच्या वेळी डाऊनपाईप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाईप) किंवा इंटरकूलर बदलून याच डायनोवर याल तेव्हा हीच चिठ्ठी समोर ठेवून तयारी करायची. आणि हब डायनो असेल तर घरी जायच्या आधी चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने (माझ्या गाडीला १२० एनएमला) स्वतः तपासा, दुसऱ्याने केलेत म्हणाला तरी.