पायाच्या ऑपरेशननंतर आग होते? या चुका टाळा

"टाके निघून दोन महिने झाले, तरी पायात करंट का मारतो?" इंदूरला फिजिओथेरपी करताना हा प्रश्न सारखा कानावर येतो. झिणझिण्या, आग, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा. जखम कधीच भरलेली असते. आता नस बोलत असते.

माझं डोकं फिरतं ते शेकामुळे. रामबागेतल्या एका काकूंचं अंगठ्याजवळचं वाढलेलं हाड काढलं होतं. पाऊल अर्धवट बधीर, त्यात मधुमेह. जानेवारीच्या थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपल्या आणि सकाळी पाहतात तर हे एवढाले फोड. ऑपरेशनची जखम सहा आठवड्यांत भरली होती, ही तीन महिने चिघळली. "अगं, पण मला गरम लागलंच नाही!" लागणार कसं, काकू? मी बधीर पायाला शेक देतच नाही. जखम पूर्ण भरली की पायाला स्पर्शाची सवय व्हावी म्हणून आधी कापूस, मग सुती कापड, मग खरखरीत टॉवेल हलक्या हातानं फिरवायला लावते. दोन-दोन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

दुसरी खोड गोळ्यांची. नसेच्या दुखण्यावर देतात त्या प्रीगाबालिन, गाबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन या काही डोकेदुखीच्या गोळ्या नाहीत. डॉक्टर डोस हळूहळू वाढवतात, फरक कळायला काही आठवडे जातात. आमची मंडळी चौथ्या दिवशी "नुसती झोप येते" म्हणून सोडून मोकळी! बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद करणं तर आणखी वाईट. झोपेचा त्रास डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो.

बी-१२ जीवनसत्त्व तपासलं का? ते कमी असलं तरी पायात अशाच झिणझिण्या येतात. शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर नक्की तपासा.

"एक इंजेक्शन देऊन संपवा" म्हणणारेही भेटतात. एकाच नसेचं दुखणं असेल तर तिथल्या इंजेक्शनचा उपयोग होतो, सरसकट नाही. दुखावलेली नस साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढते. घोट्यापासून बोटांपर्यंतचा हिशोब तुम्हीच करा.

पाय सुजून रंग बदलला, दुसऱ्या पायापेक्षा गार किंवा गरम लागला, घाम सुटू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सर्जनला दाखवा.

आणि एक दिवस बरं वाटलं की लगेच रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत तासभर उभं राहून भुट्टे का कीस खायचा, मग सकाळी सातला मला फोन!