वीज गेलेल्या सांगलीत प्रेमकथा: रहस्य कुठं दडवायचं

वीज, सरकार, बाजार सगळं कोसळल्यानंतरच्या सांगलीत थरारक प्रेमकथा लिहायची, तर आधी एकच गोष्ट पक्की करा: ते कोसळून किती दिवस झालेत? अर्धी कादंबरी त्यावर ठरते. नायक तिसऱ्या वर्षी बुलेटला किक मारून कराडला निघाला, तर जाणता वाचक तिथंच पुस्तक मिटेल, कारण पेट्रोल वर्षभरात नासतं. पहिल्या तीन महिन्यांत मात्र गाडी चालते, औषधं शिल्लक असतात आणि माणसं अजून "सरकार येईल" म्हणत असतात. थरारासाठी हाच काळ बरा.

मग नकाशा घ्या. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या तिन्ही उपसा सिंचन योजना पंपांवर चालतात. वीज थांबली की जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे कृष्णेचं पाणी चढणं बंद, आणि तिकडची माणसं नदीकडं सरकणार. नायक जतचा, नायिका नदीकाठची, एवढ्यावरच दोघांत संशय उभा राहतो. त्यासाठी वेगळा खलनायक शोधायला नको. मिठाचंही बघा. गूळ, हळद, बेदाणा इथं पिकतो, मीठ कुंभार्ली घाट चढून कोकणातून यावं लागतं. घाट ज्याच्या ताब्यात, बाजार त्याचा.

प्रेम आणि धोका दोन्ही एकाच वस्तूवर उभे करा. नवशिक्यांची कादंबरी बहुतेक इथंच फसते: एका प्रकरणात पाठलाग, पुढच्यात चांदणं, दोन्हींचा संबंध नाही. समजा, नायिकेच्या आईला इन्सुलिन लागतं. आपल्याकडच्या साध्या बाटलीत १० मिली, दर मिलीला ४० युनिट, म्हणजे एकूण ४०० युनिट. रोजचे ३० धरले तर तेरा दिवस. हे तेरा दिवस म्हणजे तुमचं घड्याळ. नायकाकडे आणखी चार बाटल्या आहेत, पण त्या त्यानं धाकट्या भावासाठी दडवल्यात. वाचकाला हे तिसऱ्या प्रकरणात कळू द्या, तिला चौदाव्यात. मधल्या दहा प्रकरणांत तो जितका जवळ येईल तितकी वाचकाची धाकधूक वाढते. बिंग दुसऱ्याच्या तोंडून फोडू नका. तिच्याच हाताला बाटली लागू द्या.

बाटल्या ठेवायला सांगलीजवळच्या हरिपूरचं पेव उत्तम. जमिनीखालचं हे हळदीचं कोठार आत गार असतं. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, पोट मोठं. पण बंद पेवात प्राणवायू कमी होतो. तोंड काही तास उघडं ठेवून आत कंदील सोडतात; ज्योत विझली तर उतरायचं नाही. नायकाला लपवून वर झाकण घट्ट लावलंत, तर शत्रू यायच्या आधीच तो मेला. म्हणून झाकणाला फट ठेवावी लागते आणि तीच फट कुणाला तरी दिसते. नायिकेला त्या झाकणाशेजारी शेंगा फोडत बसवा. येणारा विचारतो, "एकटीच हायस?" ती म्हणते, "दुसरं कोण असणार?" खाली तो खोकला दाबतो. (पावसाळ्यात हा प्रसंग टाळा. २००५ च्या महापुरात इथल्या पेवांत पाणी शिरलं होतं.)

पूरच हवा असेल तर सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी मोजतात ती कृष्णेची पातळी वापरा: ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका. फोन बंद आहेत, म्हणून कुणीतरी पुलावर जाऊन आकडा वाचून यायचा. तो आकडा खोटा सांगणारा माणूस बंदूकवाल्यापेक्षा भारी पडतो.

प्रेमाचे संवाद आखूड ठेवा. "जेवलास का?" एवढं पुरतं, कारण त्या दिवसांत हा प्रश्न महाग असतो. बोली दोनचार शब्दांपुरती. प्रत्येक वाक्यात "हाय" आणि "न्हाय" आलं की थरार जाऊन वगनाट्य होतं.

शेवटी अंतरं तपासा. सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. धडधाकट माणूस रोज २५ चालला तर पाच दिवस. आजारी आई बैलगाडीत असेल तर सात धरा. तेरातून तेवढे वजा झाले.