इंग्लंडच्या जुन्या पबात रियल एल प्यायला जायचं तर

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतली, टिळकवाडीतली बरीच पोरं आता कामाला नाहीतर शिकायला इंग्लंडला जायलीत, आणि जायच्या आधी हळूच विचारतात की तिकडं पबात कसं काय असतंय. मी मशीनच्या कामासाठी तीन महिने शेफील्डला होतो, तेवढ्यावरनं सांगतो.

आत गेल्यावर टेबलाला बसून वेटरची वाट बघू नका, सरळ काउंटरला जायचं. लाइन नसते पण कोण आधी आलंय हे सगळ्यांच्या ध्यानात असतंय, म्हणून तुमच्या आधीचा माणूस राहिला असेल तर "ह्यांचं आधी घ्या" म्हणून सांगायचं, तिथं ते फार मानतात. पैसे लगेच द्यायचे, ड्रिंकवर टिप लागत नाही.

काउंटरवर उभे लांब दांडे दिसतील, ते हँडपंप. रियल एल, म्हणजे तिकडची जुन्या पद्धतीची बिअर, तिथनंच येते. बारक्या तोटीतनं येते ती गॅस मारलेली थंडगार लागर बिअर, ती इथंपण मिळते की. रियल एल पिंपात भरल्यावरपण आंबतच असते, यीस्ट जिवंत असतंय, आपल्या आंबोळीच्या पिठासारखं, आणि म्हणूनच पिंप सुरू केलं की साधारण तीन दिवसांत संपवावं लागतंय. तळघरात 11 ते 13 डिग्रीला ठेवतात, म्हणजे माठातल्या पाण्यासारखी गार, बर्फगार नाही. गरम आहे म्हणून तक्रार करू नका, चव त्यातच कळते.

बारवाली दांडा हळू ओढते, ग्लास अर्धा भरतो, पांढरी लाट खालनं वर चढते, मग ती थांबते आणि परत ओढते. घाई करायची नाही.

कुठली घ्यायची कळत नसेल तर थोडी चाखायला मागा, बारक्या ग्लासात देतात. पहिल्यांदा बिटर घ्या, म्हणजे जरा कडसर एल, साधारण 4 टक्के अल्कोहोलची. पाइंट म्हणजे 568 मिली, जास्त वाटलं तर हाफ मागा, त्यात कमीपणा काय नाही. आयपीए नावाची एल असते, तिच्यातला आय म्हणजे इंडिया, बर्टन गावातनं ही बिअर जहाजानं इकडच्या गोऱ्या लोकांसाठी यायची. दांड्यावरची पाटी उलटी फिरवलेली दिसली की ती संपलेली आहे. मला एकदा एका पबात व्हिनेगरसारखा वास आला, ग्लास परत नेला, शांतपणे सांगितलं, वाद न घालता बदलून दिली, तुम्हीपण लाजू नका.

शाकाहारी असाल तर आधी विचारा, बरीच एल निवळायला माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्यापासनं केलेला पदार्थ घालतात. "वेगन आहे का" एवढं विचारलं तरी त्यांना समजतंय.

हे सगळं एकेकाळी बंदच पडायला आलेलं, मोठ्या कंपन्या गॅसवाली बिअर रेटत होत्या. 1971 ला चार जणांनी रियल एल वाचवायला कॅम्रा नावाची चळवळ काढली, पुढं हजारो लोक जोडले गेले आणि पिंपातली एल टिकली. आपली गोष्ट जपायला वर्षानुवर्षं उभं राहणं काय असतंय हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, मला तर ते ऐकून त्या बिअरबद्दल जास्तच आपुलकी वाटली.

चौघं गेलात तर एकेकानं पाळीनं सगळ्यांसाठी आणायची, स्वतःची पाळी यायच्या आधी उठून जायचं नाही. रात्री घंटा वाजली की शेवटची ऑर्डर, त्यानंतर प्यायला थोडा वेळ देतात. निघताना रिकामे ग्लास काउंटरवर नेऊन ठेवा आणि थँक्यू म्हणा, दुसऱ्या खेपेला ओळखतात.