सोमवारी सुरू, गुरुवारी बंद: माझं नेमकं कुठे अडत होतं

लक्षण असं: सोमवारी पहाटे व्यायाम, डब्यात सॅलड, साखर बंद, गुरुवारपर्यंत सगळं सुटलेलं. जिमची वर्षाची फी भरून झाली, डाएट चार्ट फ्रिजवर लावून झाला, कॅलरी मोजायचं ॲपही झालं. ३ वर्षं हेच चाललं होतं, फार खचायला व्हायचं.

खरी अडचण संध्याकाळी ७ ची होती. ऑफिसातून भुकेलेली यायचे, उभ्याउभ्याच फरसाणाचा डबा उघडायचे, मग चालायला जायचं बळच नसायचं.

पहिले १५ दिवस एकच बदल. रात्री मूठभर मटकी भिजत घालायची, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. संध्याकाळपर्यंत मोड येतात (थंडीत जास्त वेळ लागतो, म्हणून तेव्हा मी एक पुरचुंडी आदल्या दिवशीच बांधून ठेवते). घरी आल्यावर आधी वाटीभर मटकी, वाफवून, वर कांदा-लिंबू. व्यायाम नाही, चहातली साखरही तशीच.

१६ व्या दिवसापासून जेवणानंतर १० मिनिटं चालणं, सोसायटीच्या आवारातच. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून २० मिनिटं चालायची नाहीत, १० च. हे अगदी कटाक्षाने पाळा. संध्याकाळच्या भुकेइतकेच माझे आधीचे प्रयत्न या भरपाईपायीही मोडले होते. महिनाभर टिकल्यावरच १० ची २० केली.

आता ७ महिने झाले. मटकी आणि चालणं, दोन्ही सुरू आहे.