सोलापुरातून पॉडकास्टनिर्मितीचा स्वतंत्र व्यवसाय कसा उभारावा

दुसऱ्यांसाठी पॉडकास्ट करून देण्याचा व्यवसाय म्हटला की बहुतेकांना आधी माईक, हेडफोन आणि भिंतीवरचा फोम आठवतो. मात्र ग्राहक दुसऱ्यांदा परत येतो तो वेगळ्याच कारणासाठी: तीन तासांच्या बोलण्यातून ऐकण्याजोगा अर्धा तास कोणता, हे ठरवून देणारा माणूस त्याला हवा असतो. त्यामुळे या कामात उतरणाऱ्याने कथाविकास ही स्वतंत्र, मोबदला घेऊन द्यायची सेवा आहे हे पहिल्या दिवसापासून धरून चालावे आणि बाकीची सगळी आखणी त्याभोवती करावी.

सेवा आणि ग्राहक ठरवणे

कामाचे तीन भाग करावेत. पहिला कथाविकास, म्हणजे विषय, पाहुणे, भागांचा क्रम आणि संहिता. दुसरा ध्वनिमुद्रण व संपादन. तिसरा प्रकाशन, ज्यात मुखचित्र, भागाचे वर्णन आणि निरनिराळ्या ॲपवर तो पोहोचवणे येते. तिन्हींचे दर वेगळे लिहून द्यावेत. सगळे एका रकमेत बांधले की ग्राहक फक्त एडिटिंगचे पैसे मोजतो आणि विचार करण्याचे काम फुकटात जाते.

सोलापुरात ग्राहक शोधताना पॉडकास्ट हा शब्द घेऊन दारोदार फिरण्यात अर्थ नाही. चादरी आणि टॉवेलचे जुने कारखानदार, रुग्णालये, सहकारी बँका, खासगी शिकवण्या, डाळिंब उत्पादकांच्या कंपन्या, महाविद्यालये, सामाजिक संस्था यांच्याजवळ सांगण्यासारखे भरपूर असते, पण ते माहितीपत्रकाच्या भाषेत अडकलेले असते. त्यांना पाच मिनिटांचा नमुना ऐकवावा, तो दहा पानांच्या प्रस्तावापेक्षा अधिक काम करतो. नमुन्यासाठी ग्राहक मिळेपर्यंत थांबू नये, ओळखीतल्या एखाद्या जाणत्या माणसाची मुलाखत घेऊन तो स्वतःच तयार करावा. पुण्या-मुंबईच्या निर्मितीसंस्थांनाही मराठी संपादन करणारी माणसे लागतात, आणि हे काम घरबसल्या करता येते. सोलापूरकराकडे शिवाय एक गोष्ट असते जी त्या शहरांत सहज मिळत नाही, ती म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चारही भाषा कानावरून गेलेल्या असणे. ही बाब प्रस्तावात ठळकपणे लिहावी.

कथा घडवणे

विषय आणि कथा यांतला फरक ग्राहकाला समजावून देणे, हे या सेवेतले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम आहे. चार हुतात्म्यांचे उदाहरण घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले, हे सोलापुरात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तेवढेच पुन्हा सांगितले तर तो विषय झाला. मे १९३० मध्ये शहरावर लष्करी कायदा लागू झाला, त्या दिवसांत गिरणीत कामाला जाणाऱ्या एखाद्या कुटुंबाने काय पाहिले, कशाची भीती बाळगली, आणि त्यातले काय पुढच्या पिढ्यांना सांगितले, हा प्रश्न धरून माणसे शोधली की कथा सुरू होते. अशा वेळी घरातून ऐकलेली आठवण आणि कागदोपत्री नोंद या दोन्हींची गाठ घालून पाहावी. जेथे त्या जुळत नाहीत, तेथे निवेदनात ‘आजोबा असे सांगत’ असे स्पष्ट म्हणावे. विसंगती लपवण्यापेक्षा ती ऐकवणे अधिक रंजक ठरते, असा माझा तरी कल आहे.

व्यावसायिक ग्राहकाच्या बाबतीतही रीत हीच. समजा, एका चादर कारखान्याच्या मालकांना आपल्या घराण्याच्या तीन पिढ्यांवर मालिका हवी आहे. त्यांच्या मनात दर्जा, विश्वास आणि परंपरा हे शब्द असतात, आणि या तीन शब्दांवर श्रोता दोन मिनिटेही थांबत नाही. तुम्ही विचारावे: आजूबाजूचे अनेक यंत्रमाग टेरी टॉवेलकडे वळले, तेव्हा तुम्ही जेकार्डच्या, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या, चादरीवर का राहिलात, आणि त्याची किंमत घरात कोणी मोजली? या प्रश्नाला उत्तर देणारी व्यक्ती बहुधा मालक नसते. ती मागावर काम केलेली, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरातली आजी असू शकते, किंवा हिशेब पाहणारे जुने दिवाणजी.

म्हणून प्रत्यक्ष मुद्रणाआधी प्रत्येक संभाव्य पाहुण्याशी वीस-पंचवीस मिनिटे फोनवर किंवा समक्ष बोलावे. या बोलण्यात पूर्ण गोष्ट काढून घेऊ नये, कारण माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना ताजेपणा हरवतो. प्रसंग कोणते आहेत एवढे टिपावे आणि ‘हे आपण माईकसमोर बोलू’ म्हणून थांबावे. त्यानंतर भागाचा गाभा एका वाक्यात लिहावा: कोणाला काय हवे होते, काय आडवे आले, शेवटी काय बदलले. हे वाक्य जमत नसेल तर तो भाग अजून तयार नाही, असे ग्राहकाला सरळ सांगावे.

आजी तेलुगूतच मोकळेपणाने बोलत असतील तर त्यांना मराठीत ओढू नये. त्यांचा मूळ आवाज काही सेकंद मोकळा ऐकू द्यावा, मग तो हळू करून दुसऱ्या आवाजात मराठी रूपांतर ठेवावे आणि शेवटी पुन्हा त्यांच्याच आवाजावर यावे. रूपांतर तेलुगू नीट जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे आणि तिचा मोबदला अंदाजपत्रकात धरावा.

संहिता कानासाठी लिहायची असते, त्यामुळे या लेखातल्यासारखी लांब वाक्ये तेथे चालत नाहीत. सावकाश निवेदनात मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बसतात, या हिशेबाने लांबी ठरवावी आणि प्रत्येक परिच्छेद मोठ्याने वाचून पाहावा.

सोलापुरातले ध्वनिमुद्रण

सुरुवातीला एक चांगला डायनॅमिक माईक, ऑडिओ इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारे उपकरण) किंवा हातात धरता येणारा रेकॉर्डर आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन एवढे पुरे आहे. कंडेन्सर माईक अधिक नाजूक आवाज टिपतो हे खरे, पण तो रिक्षा, कुकर आणि शेजारचा टीव्हीही तितक्याच तत्परतेने टिपतो. त्यामुळे घरगुती खोलीत डायनॅमिक बरा. तो तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, किंचित तिरका ठेवावा.

खोलीतला घुमारा मारण्यासाठी महागडा फोम लागत नाही. जाड सोलापुरी चादरी दोन-तीन पदर करून वक्त्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना टांगल्या, खाली सतरंजी टाकली, की आवाज लक्षणीय कोरडा होतो. या उपायाने बाहेरचा गोंगाट मात्र अडत नाही. त्यासाठी वेळच निवडावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पंखा किंवा कूलर चालू ठेवून मुद्रण करता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात मुलाखती सकाळी सातच्या सुमारास ठेवाव्यात आणि दर वीस मिनिटांनी थांबून पंखा लावावा. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांच्या यात्रेत शहराच्या मध्यवर्ती भागात शांततेची अपेक्षा धरू नये. उलट, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे आणि गड्ड्याचे, म्हणजे तिथल्या जत्रेचे, आवाज मुद्रित करून आपल्या संग्रहात ठेवावेत.

कारखान्यात गेल्यावर माग चालू असताना मुलाखत घेण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. मुलाखत शांत खोलीत घ्यावी आणि मागाचा खटखटाट दोन-तीन मिनिटे जवळून, तेवढाच लांबून, शिवाय माग सुरू होताना आणि थांबताना, असा वेगळा मुद्रित करावा. संपादनात हवा तेथे, हवा तितका तो आवाज घालता येतो, पण बोलण्यात मिसळलेला काढता येत नाही. प्रत्येक ठिकाणी कोणीही न बोलता खोलीची निव्वळ शांतताही अर्धा मिनिट मुद्रित करावी. कापलेल्या जागा सांधायला ती लागते.

मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात करावे आणि बोलण्याची सर्वोच्च पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतपतच गेन (माईकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) ठेवावा. पाहुणा परगावी असेल तर इंटरनेटवरून बोलताना त्याने स्वतःच्या फोनवरही आपला आवाज मुद्रित करावा. आरंभी दोघांनी एक टाळी वाजवली की नंतर दोन्ही फाइली जुळवणे सोपे जाते.

संपादन

आधी सगळे ऐकून वेळेच्या नोंदींसह टिपण करावे, मग कागदावर क्रम लावावा, आणि त्यानंतरच सॉफ्टवेअर उघडावे. ऑडॅसिटी मोफत आहे आणि बरेच दिवस पुरते. अडखळणे आणि ‘म्हणजे, म्हणजे’ कमी करावे, पण श्वास आणि विचारातली थांबण्याची जागा सगळीच्या सगळी कापू नये. सोलापुरी बोलीतला हेल तर मुळीच सपाट करू नये. अंतिम स्टिरिओ फाइलची सरासरी पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) आणि सर्वोच्च टोक उणे १ डेसिबल ठेवावे. मुखचित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेलचे करावे.

दर, करार आणि हक्क

दर मिनिटांवर लावण्याऐवजी तासांवर काढावा. अर्ध्या तासाच्या एका भागासाठी समजा पूर्वसंवादाला २ तास, मुद्रणाला २, ऐकून टिपणाला ४, संहितेला ५, संपादनाला ६ आणि दुरुस्त्यांना २ लागले, तर एकूण २१ तास होतात. तासाला ४०० रुपये धरले तरी ८,४०० रुपये होतात, त्यात प्रवास, रूपांतर आणि संगीत वेगळे. यातले ११ तास, म्हणजे निम्म्याहून अधिक, कथाविकासाचे आहेत. ग्राहकाने घासाघीस केली तर तास कमी करून दाखवावेत, तासाचा दर उतरवू नये.

ओळखीच्या माणसाशी कागद कसला करायचा, या संकोचाने अनेकांचे पैसे अडकतात. दोन पानांचे करारपत्र पुरते: भाग किती, लांबी किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती (दोन पुरेत), आगाऊ निम्मी रक्कम, आणि हक्क कोणाकडे. शेवटच्या मुद्द्यावर विशेष लक्ष द्यावे. प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असे धरले जाते. पाहुण्याची संमती त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी आणि माईकवरही नोंदवावी. विडी कामगार महिलेसारख्या पाहुण्याला बोलण्याचा रोजगारावर परिणाम होण्याची धास्ती वाटू शकते, तेव्हा नाव बदलण्याची मुभा आधीच द्यावी. चित्रपटगीताचे ‘दहा सेकंद चालतात’ हा समज निराधार आहे, कायद्यात तशी सूट नाही. परवाना असलेले संगीत घ्यावे किंवा स्थानिक वादकाकडून करून घेऊन त्याच्याशीही लेखी ठरवावे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते, त्याआधीही प्रत्येक कामाचे क्रमांक घातलेले बिल द्यावे.

काम सोपवताना अंतिम फाइल, संहिता, संमतिपत्रे आणि संगीताचे परवाने एकत्र द्यावेत. मूळ मुद्रणाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून त्या किती महिने सांभाळणार हे करारातच लिहावे, आणि मुदत संपल्यावर त्या पुसण्यापूर्वी ग्राहकाला लेखी कळवावे.