जपानच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी राहायला जाताना

पाहुण्यांना घरात ठेवून घेणारी शेतकरी कुटुंबं जपानमध्ये आता बऱ्याच गावांत सापडतात. ओइता प्रांतातल्या आजिमु गावात ही पद्धत १९९६ पासून रुजली. एकदा राहून गेलात की तुम्ही दूरचे नातेवाईक झालात, असं तिथे मानतात. यजमान बहुधा वयस्क असतात, इंग्रजी जेमतेम, आणि काही खटकलं तरी तोंडावर बोलत नाहीत. चूक झाली हे कळतच नाही, म्हणून आधी माहिती हवी.

सगळ्यात मोठी अडचण जेवणाची. ‘मी मांस खात नाही’ एवढ्याने भागत नाही, कारण ‘निकु’ म्हणजे मांस आणि त्यात मासा धरत नाहीत. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा, सगळ्यांत ‘दाशी’ असते, म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचा अर्क. तोच किस टोफूवरही भुरभुरतात. शाकाहारी असाल तर निदान आठवडाभर आधी लेखी कळवा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देस.’ (मांसही खात नाही, मासाही नाही. कात्सुओची दाशीही चालत नाही.) आणि लगेच काय चालतं तेही लिहा: कोम्बु या समुद्री वनस्पतीची किंवा वाळवलेल्या शिताके अळंबीची दाशी, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेली ओनिगिरी म्हणजे भाताचा मुटका, मिठाबरोबर भाज्यांचा तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या. अंडं खाता की नाही हेही सांगा, तेम्पुऱ्याच्या पिठात घालतात. नुसती नकारांची यादी आली की बिचारी यजमानीण काय रांधायचं या चिंतेत पडते.

तुम्ही स्वयंपाक करणार असाल तर मसाला इथूनच न्या. हळदीचे डाग त्यांच्या लाकडी पाटावरून आणि प्लास्टिकच्या डब्यांवरून निघत नाहीत. आधी विचारून घ्या. आपला मिक्सर तिथे चालणार नाही, वीज १०० व्होल्ट असते. फोनचा चार्जर बहुधा चालतो, मात्र दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

अंघोळ रात्री. टबातलं पाणी, साधारण ४० ते ४२ अंश, घरातले सगळे एकामागून एक तेच वापरतात. म्हणून साबण, शाम्पू सगळं टबाबाहेर, बुटक्या स्टुलावर बसून, मोरीत अंघोळ करावी तसं. केसांना तेल असेल तर ते पूर्ण धुऊन काढा, नाहीतर पाण्यावर तवंग येतो आणि मागच्याला तेच वाट्याला येतं. मग केस बांधून नुसतं बसायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. बाहेर पडताना टबाचं बूच काढू नका, वर झाकण ठेवा. पाहुण्याला बऱ्याचदा पहिला मान देतात. तो घ्यावा, पण तासभर लावू नये.

दारातल्या ‘गेनकान’मध्ये बूट काढून तोंड दाराकडे करून ठेवायचे. आत सपाता, तातामीच्या, म्हणजे गवती चटया बसवलेल्या खोलीत त्याही नाहीत, आणि संडासाच्या सपाता तिथेच सोडायच्या. त्याच पायात घालून जेवायला येणं ही नवख्यांची ठरलेली चूक. सकाळी फुतोन, म्हणजे जमिनीवर अंथरलेली गादी, घडी घालून कपाटात ठेवा. तो तातामीवर तसाच राहिला तर खालचा ओलावा अडकून बुरशी धरते. हिवाळ्यात अख्खं घर तापवत नाहीत, रात्री खोली थंडगार पडते, तेव्हा लोकरीचे मोजे आणि थर्मल हवेतच.

बाहेर जाताना ‘इत्ते किमास’ (जाऊन येतो), परतल्यावर ‘तादाइमा’ (आलो) म्हणा. जेवायला किती वाजता येणार ते नक्की सांगा. गावातल्या बसला दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात, शेवटची चुकली की यजमानांना गाडी काढावी लागते.

भेट म्हणून चिक्की किंवा कमी तिखट बाकरवडी न्या आणि दोन्ही हातांनी द्या. जुन्या घरात ती आधी पूर्वजांच्या ‘बुत्सुदान’पुढे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यापुढे, नैवेद्यासारखी ठेवतात. तुमच्यासमोर उघडली नाही, तर आवडली नाही असं समजू नका.