खाडीकाठच्या हवेत जुनी गाडी: घेताना आणि घरी सांभाळताना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून हौसेची जुनी गाडी बाळगू पाहणाऱ्याने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी: इंजिन दुरुस्त होते, सडलेला पत्रा पूर्ववत होत नाही. प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन असो किंवा मारुती ८०० चे तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे, ते उघडून बोअर करणारे आणि व्हॉल्व्ह नीट बसवून देणारे कारागीर वागळे इस्टेटसारख्या भागांत अजून भेटतात. मात्र खाडीवरून येणाऱ्या दमट, खाऱ्या वाऱ्यात वीस-पंचवीस पावसाळे काढलेल्या गाडीचा सांगाडा आतून सडला असेल, तर एका जागी पत्रा बदलावा आणि सहा महिन्यांनी शेजारी भोक दिसावे, असे चक्र सुरू होते. म्हणून आधी कागद, मग पत्रा आणि शेवटी इंजिन या क्रमाने गाडी पाहावी. बहुतेक लोक नेमका उलटा क्रम धरतात.

कोणती गाडी घ्यावी हा आवडीचा प्रश्न आहे, तरीही पहिल्या जुन्या गाडीच्या बाबतीत सुट्या भागांचा विचार आवडीच्या आधी करावा, असे माझे मत आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि तिचे उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबले. तीस वर्षे बनत राहिलेल्या गाडीचे भाग साध्या दुकानातही मिळतात. पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, त्यामुळे तिच्या क्लच आणि ब्रेकचे भाग, तसेच तिच्यावर हात बसलेले वयस्कर मिस्त्री, कुर्ल्याच्या बाजूला चौकशी केल्यास सापडतात. फियाटची पॅलिओ १.६ किंवा मित्सुबिशीची जुनी लान्सर चालवायला फार आनंदाची आहे आणि तिच्या इंजिनाचे भाग खटपटीने मिळतातही; परंतु हेडलाइट, दरवाजाचे रबर, डॅशबोर्डचे प्लास्टिक अशा फुटकळ वाटणाऱ्या वस्तूंसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. अशी गाडी घेताना या वस्तू शाबूत आहेत की नाहीत, हे इंजिनाइतकेच बारकाईने पाहावे.

कागदांच्या बाबतीत भिडस्तपणा अजिबात ठेवू नये. आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या कोरीव आकड्यांशी स्वतः ताडून पाहावा. जुन्या गाड्यांची इंजिने बदललेली असतात, त्यात गैर काही नाही. मात्र त्या बदलाची नोंद आरसीवर नसेल तर नाव बदलताना अडचण येते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. हलक्या मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले, तर २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर त्याशिवाय भरावा लागतो. नोंदणीची मुदत संपलेली गाडी ‘तुम्हीच करून घ्या’ असे सांगून कोणी देत असेल, तर ते काम विक्रेत्याकडून आधी पूर्ण करून घ्यावे. विक्रीसाठी आरटीओचे अर्ज, म्हणजे नमुना २९ आणि ३०, लागतात. ठाण्याच्या एमएच-०४ ची गाडी वाशीच्या एमएच-४३ मध्ये न्यायची असेल किंवा परराज्यातून आणायची असेल, तर नमुना २८ ची ना-हरकत घ्यावी. जुने कर्ज आरसीवर दिसत असल्यास बँकेच्या पत्रासह नमुना ३५ मागावा. अनेक जुन्या गाड्या निवर्तलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर तशाच उभ्या असतात; तेथे नमुना ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते आणि हे झाल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नये. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही पाहावे. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, परंतु ना-हरकत, येथील कर आणि पुनर्नोंदणी यांचा खर्च धरल्यावर तो स्वस्तपणा बराच आटतो.

आता पत्रा. गाडी दिवसा, उन्हात आणि कोरडी असताना पाहावी, कारण ओल्या गाडीचा रंग नेहमी बरा दिसतो. सोबत विजेरी, अंथरायला जुनी चादर आणि फडक्यात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक न्यावे. चुंबक दरवाजाच्या खालच्या कडेवर, चाकावरच्या कमानीवर आणि दरवाजांखालच्या पट्टीवर फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. त्यानंतर पायाखालची मॅट आणि तिच्याखालचे आच्छादन उचलून गाडीच्या तळाचा पत्रा पाहावा, डिकीतील स्टेपनीचा खड्डा पाहावा, बॅटरीखालचा पत्रा पाहावा आणि गाडीखाली आडवे होऊन जॅक लावण्याच्या जागा बोटाने दाबून पाहाव्यात. मी पहिली पद्मिनी घेतली तेव्हा ताज्या, चकचकीत रंगाला भुललो होतो. घरी आणून चाक बदलण्यासाठी जॅक लावला, तर गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच पत्र्यात घुसला. तिच्या टिनवर्कला, म्हणजे पत्र्याच्या कामाला, गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च आला आणि त्या पावसाळ्यात ती चालवताच आली नाही.

आपल्या भागात आणखी एक तपासणी आवश्यक आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांत येथील कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा, कारण आतल्या घडीत गाळाचा डाग राहतो. सीटची रेल आणि डॅशबोर्डमागचे वायरींचे सांधेही पाहावेत. पाण्यात बुडालेल्या गाडीची वायरिंग पुढे वर्षानुवर्षे त्रास देते, म्हणून अशी गाडी मी तरी सोडून देईन.

इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करायला सांगावे. बॉनेट आधीच गरम लागले, तर काही लपवले जात आहे असे समजावे. थोडा वेळ मंद चालल्यावर एक्सलरेटर दाबताच निळसर धूर आला, तर ऑइल जळते आहे. त्यानंतर गाडी घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढावर किंवा बेलापूरजवळच्या पारसिक टेकडीवर न्यावी आणि वाहतुकीत थांबत-थांबत चालवताना तापमानाचा काटा पाहत राहावे. सपाट रस्त्यावरच्या दहा मिनिटांच्या फेरीत रेडिएटरचा दोष कळत नाही. सौदा ठरवताना किमतीच्या निदान निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी वेगळी काढावी.

गाडी घरी आल्यावर, विक्रेता काहीही सांगो, सर्व द्रवपदार्थ, रबरी नळ्या आणि पट्टे बदलून आपला हिशेब शून्यापासून सुरू करावा. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. मारुती ८००, जिप्सी आणि २००० च्या सुमाराची होंडा सिटी यांना टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारा रबरी पट्टा, आहे. तो कधी बदलला याची पावती नसेल तर लगेच बदलावा. पद्मिनीला त्या जागी साखळी असल्याने ती काळजी नाही, परंतु तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि पाणी शिरल्यावर ते क्षणभर पकडत नाहीत, हे चालवणाऱ्याने पावसाळ्यात विसरू नये. टायरची नक्षी शाबूत असली तरी कडेवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

पेट्रोलबाबत अलीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल जुन्या रबराला आणि कार्बोरेटरच्या पडद्यांना मानवत नाही. नळ्या मऊ पडतात, पाझरतात आणि गरम इंजिनाजवळ पाझरणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण आहे. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या बसवाव्यात, त्या दरमहा बोटाने चाचपून पाहाव्यात आणि गाडीत छोटे अग्निशामक ठेवावे. कार्बोरेटरच्या गाडीचे मिश्रण या पेट्रोलवर पातळ होते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते), म्हणून जेट (इंधन सोडणारी बारीक भोके) आणि सेटिंग जाणकाराकडून पुन्हा तपासून घ्यावे. इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे टाकीत महिनोन्‌महिने तेच पेट्रोल साठवू नये.

गाडी आठवड्यातून एकदा निदान अर्धा तास रस्त्यावर चालवावी. पार्किंगमध्येच पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवण्याने फायद्यापेक्षा तोटा अधिक होतो, कारण ऑइल पुरते तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये जमलेले पाणी तेथेच राहते. रविवारी पहाटेचा पाम बीच रस्ता या कामाला उत्तम आहे.

पावसाळ्याची तयारी मेमध्येच करावी. दरवाजांच्या खालच्या कडेची आणि वायपरखालच्या जाळीची पाणी जाण्याची भोके बारीक काडीने मोकळी करावीत. बहुतेक गंज तेथे साचलेल्या पानांपासून सुरू होतो. गाडीखाली संरक्षक लेप लावायचा असेल, तर आधी गंज खरवडून तो भाग कोरडा करावा, अन्यथा ओल लेपाखाली अडकून पत्रा अधिक वेगाने सडतो. प्लास्टिकचे आवरण घालू नये. हवा खेळेल असे कापडी आवरण घालावे किंवा स्टिल्टखाली गाडी उघडीच ठेवावी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असल्यास हँडब्रेक न लावता ती गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, कारण दमट हवेत ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. बॉनेट आठवड्यातून दोनदा उघडावे. उंदीर वायरी कुरतडतात, आणि आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये त्यांचा उपद्रव मोठा आहे.

घरच्या घरी काम करताना केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये; दोन मजबूत स्टँड लावल्यावर गाडी हाताने हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. सोसायटीच्या सचिवांना आधी कल्पना द्यावी, खाली पत्र्याचा ट्रे ठेवावा आणि काढलेले ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजला द्यावे. केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि भागाचा क्रमांक वहीत लिहावा. काढलेला जुना भाग नवा भाग बसून निदान एक महिना नीट चालेपर्यंत जपून ठेवावा, कारण दुकानातून आणलेला भाग त्याच नावाचा असूनही मापाने वेगळा निघतो, आणि मग दुकानदाराला दाखवायला हातात नमुना लागतो.